बँकेच्या नावाने आलेला मेल खरा की खोटा: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ओटीपी कुणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, हे एव्हाना सगळ्यांचं पाठ झालं आहे. तरीही बँकेच्या नावाने आलेल्या बनावट मेलला शिकलीसवरलेली माणसं फसतात. चूक बहुतेक वेळा माहितीची नसते, क्रमाची असते. आधी लिंकवर बोट पडतं, मग उघडलेलं पान जरा वेगळं वाटतं, मग घाबरून गूगलवर बँकेचा ‘कस्टमर केअर’ नंबर शोधला जातो आणि तिथे दुसऱ्याच भामट्याशी गाठ पडते. शिवाय ज्या गोष्टी तपासल्या जातात त्या बिनकामाच्या असतात: लोगो, सहीखालचं पद, शुद्धलेखन. यातलं सगळं कुणालाही हुबेहूब करता येतं.

एक खुलासा आधीच. या लेखात वेब पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. पडद्यावर ते इंग्रजी अक्षरांत दिसतील. उदाहरणातली ‘अबक बँक’ काल्पनिक आहे.

## पूर्वतयारी: मेल येण्याआधी करून ठेवायची कामं

संशयास्पद मेल समोर असताना डोकं शांत नसतं. तेव्हा खरा पत्ता शोधायला जाऊ नका, तो आधीच हाताशी असू द्या.

1. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता टिपून ठेवा. रिझर्व्ह बँकेने 22 एप्रिल 2025 च्या परिपत्रकाने सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या पत्त्यावर जायला सांगितलं आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. हा पत्ता देण्याचा अधिकार फक्त आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेकडे आहे आणि तो बँकांसाठीच राखीव आहे. उदाहरणार्थ, स्टेट बँकेचा पत्ता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ असा आहे. तुमच्या बँकेचा पत्ता एकदा शाखेत विचारून किंवा बँकेच्या ॲपमधून घ्या, ब्राउझरमध्ये बुकमार्क करा आणि यापुढे नेटबँकिंग त्या बुकमार्कवरूनच उघडा.

पतसंस्था ही बँक नाही. तिला हा पत्ता मिळत नाही. तिचा खरा पत्ता आणि फोन पासबुकावरूनच घ्या.

2. बँकेचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा. तो डेबिट कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो. तिथूनच घ्या. परदेशात राहणाऱ्यांनी बँकेचा परदेशातून लागणारा नंबर वेगळा टिपावा, कारण टोल-फ्री नंबर बाहेरून सहसा लागत नाही. एनआरई (परदेशस्थ भारतीयांचं) खातं असलेल्यांना या नंबराची गरज नेमकी मध्यरात्री पडते.

3. बँकेसाठी वेगळा मेल आयडी ठेवा. खरेदी, स्पर्धा, नोकरीचे अर्ज, हॉटेलचं बुकिंग यांत जो आयडी देता तो बँकेला देऊ नका. असं केलं की फुकटची एक चाळणी मिळते: बँकेचा मेल दुसऱ्याच आयडीवर आला, तर तो बँकेचा नाही. पुढचं काही तपासायचीही गरज नाही.

4. नुकसानीला कुंपण घाला. बँकेच्या ॲपमध्ये रोजची व्यवहार मर्यादा गरजेपुरती आणा. कार्डाचा परदेशी आणि ऑनलाइन वापर नको असेल तेव्हा बंद ठेवा. ही सोय डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर असते. मेल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मेल खातं फुटलं की बँकेची प्रत्येक स्टेटमेंट भामट्याच्या हातात जाते, आणि पुढचा मेल तो तुमच्या खऱ्या शिलकेचा आकडा घालून पाठवतो.

> तपासा: बुकमार्क आहे का? कार्डामागचा नंबर फोनमध्ये आहे का? घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. तो आजच सेव्ह करा.

## टप्पा 1: मागणी काय आहे ते वाचा, बाकी काही दाबू नका

मेल उघडल्याने सहसा काही होत नाही. होतं ते लिंक दाबल्याने, फाईल उघडल्याने आणि उत्तर दिल्याने. म्हणून आधी नुसता वाचा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा मेल माझ्याकडून काय करून घेऊ पाहतोय?

पासवर्ड, पिन, ओटीपी, सीव्हीव्ही किंवा पूर्ण कार्ड नंबर कोणत्याही स्वरूपात मागितला असेल, मग तो फॉर्ममध्ये असो, उत्तरादाखल असो वा फोनवर, तर तपासणी इथेच संपली. मेल खोटा आहे. थेट टप्पा 6 वर जा.

तसं उघड मागितलं नसेल तर घाई किती लावली आहे ते पाहा. ‘आज रात्री 12 वाजता खातं गोठवलं जाईल’, ‘24 तासांत केवायसी केलं नाही तर कार्ड बंद’ ही ठरलेली वाक्यं आहेत. खरी पद्धत बरीच संथ असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार केवायसी नव्याने करण्याची वेळ ग्राहकाच्या जोखमीवर ठरते: जास्त जोखीम असेल तर 2 वर्षांनी, मध्यम असेल तर 8 आणि कमी असेल तर 10 वर्षांनी. मुदत यायच्या आधी बँकेने किमान तीन सूचना द्यायच्या असतात आणि त्यांतली निदान एक पत्राने, म्हणजे कागदावर. घरी पत्र नाही, ॲपमध्ये सूचना नाही आणि एकदम ‘आज शेवटचा दिवस’ असा मेल येतो, तेव्हा तो बँकेच्या कारभारात बसत नाही.

आमिषं पंचांग बघून येतात हेही ध्यानात घ्या. मार्चअखेर आला की पॅन जोडणी आणि टीडीएस, जुलैमध्ये आयकर परतावा, दिवाळीत रिवॉर्ड पॉइंट, नोव्हेंबरमध्ये पेन्शनधारकांसाठी हयातीचा दाखला. तुम्ही त्याच कामाच्या मागे असता, म्हणून मेल पटतो. ‘मी आत्ताच याबद्दल विचार करत होतो’ ही भावना मेल खरा असल्याचा पुरावा नव्हे.

> सावधान: भीती घालणारा मेल लगेच ओळखू येतो, पण शांत मेल जास्त घातक असतो. ‘आपलं जूनचं स्टेटमेंट सोबत जोडलं आहे’ एवढंच लिहिलेलं असलं, तरी पुढचे टप्पे गाळू नका.

## टप्पा 2: पाठवणाऱ्याचं नाव नको, पत्ता बघा

मेलच्या वर ठळक अक्षरांत जे ‘अबक बँक ग्राहक सेवा’ असं दिसतं, ते पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेलं असतं. तिथे तो वाटेल ते लिहू शकतो. फोनवर फक्त हे नावच दिसतं, पत्ता लपलेला असतो, आणि म्हणून फोनवर फसणं सोपं.

जीमेलच्या ॲपमध्ये नावाखाली ‘टू मी’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारचा छोटा बाण दाबा. पूर्ण पत्ता उघडेल. संगणकावरही तोच बाण आहे. तिथे ‘मेल्ड बाय’ आणि ‘साइन्ड बाय’ अशा दोन ओळी जास्त दिसतात.

आता ‘ॲट’ या चिन्हानंतरचा भाग वाचा, अक्षर अक्षर. त्याच्या आधी काय आहे त्याला शून्य किंमत आहे. ‘अबकबँक’ हे नाव ‘ॲट’च्या आधी आणि नंतर जीमेल डॉट कॉम, असं असेल तर तो कुणाचाही फुकटचा आयडी आहे. बँक जीमेल, आउटलुक किंवा याहूवरून ग्राहकांना लिहीत नाही.

अक्षरांची हातचलाखीही असते. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून लिहिले की लहान पडद्यावर ‘एम’ दिसतो. ‘ओ’च्या जागी शून्य, लहान ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’. शंका आली तर पत्ता कॉपी करून नोट्समध्ये मोठ्या अक्षरांत बघा.

एक अडचण इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी. संकेतस्थळं ‘बँक डॉट इन’वर गेली, तरी बँकेचे मेल जुन्या पत्त्यावरून येत असू शकतात. त्यामुळे ‘बँक डॉट इन नाही म्हणजे खोटा’ असा निकाल लगेच देऊ नका. तुमच्याकडे आधी आलेलं खरं स्टेटमेंट शोधा आणि त्याच्या पत्त्याशी हा ताडून पाहा.

> तपासा: पत्ता जुळला म्हणून मेल खरा ठरला का? नाही. पत्ता जुळला नाही तर मेल खोटा, जुळला तर पुढच्या टप्प्यावर जायचं. एवढाच त्याचा अर्थ.

## टप्पा 3: लिंक न उघडता वाचा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

संगणकावर लिंकवर फक्त माउस न्या, क्लिक करू नका. खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरा, पत्ता असलेली चौकट येईल. वाचून झाल्यावर चौकटीच्या बाहेर टिचकी मारून ती बंद करा. घाईत ‘ओपन’ दाबलं जातं. लिंकची दिसणारी अक्षरं आणि आतला पत्ता यांचा काही संबंध असतोच असं नाही. निळ्या अक्षरांत बँकेचा खरा पत्ता लिहिलेला असेल आणि आत भलताच असेल.

आता पत्ता कसा वाचायचा ते पाहा. समजा, तो असा आहे:

एचटीटीपीएस://अबक.बँक.इन.केवायसी-सेवा.टॉप/लॉगिन

डावीकडून वाचणाऱ्याला आधी ‘अबक.बँक.इन’ दिसतं आणि तो निर्धास्त होतो. वाचायचं उजवीकडून. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा आणि त्यानंतरची पहिली एकटी तिरकी रेघ शोधा. तिच्या लगेच डावीकडे जे आहे ते खरं मालकाचं नाव: ‘केवायसी-सेवा.टॉप’. त्याच्या आधीचं सगळं सजावट आहे. पत्रावर आधी घर, मग गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा येतो, आणि टपाल कुठे जाणार ते शेवटून ठरतं, इथेही तसंच. तिरक्या रेघेच्या उजवीकडे बँकेचं नाव कितीही वेळा आलं तरी त्याला अर्थ नाही.

‘बँक डॉट इन’ आल्यापासून एक नवी गफलत होते आहे. हे तीन पत्ते शेजारी ठेवून पाहा:

- अबक.बँक.इन
- अबक-बँक.इन
- अबकबँक.इन

पहिल्यात ‘बँक’च्या आधी टिंब आहे. तो फक्त बँकेलाच मिळतो. दुसऱ्यात तिथे आडवी रेघ आहे, तिसऱ्यात काहीच नाही. हे दोन्ही साधे ‘डॉट इन’ पत्ते आहेत आणि पैसे भरून कुणीही घेऊ शकतो. एका टिंबावर सगळं अवलंबून आहे. ‘बँक’च्या आधी टिंब, ‘बँक’ आणि ‘इन’च्या मध्ये टिंब, आणि ‘इन’नंतर तिरकी रेघ किंवा काहीच नाही, अशी तिन्ही ठिकाणं बघा.

आणखी काही युक्त्या थोडक्यात:

- पत्त्यात ‘ॲट’चं चिन्ह असेल तर त्याच्या आधीचा भाग ब्राउझर जागेचा पत्ता म्हणून धरतच नाही, खरा पत्ता चिन्हानंतर सुरू होतो.
- छोट्या केलेल्या लिंकमधून काहीच कळत नाही. कळत नाही म्हणजे उघडायची नाही.
- गूगल फॉर्मची लिंक खऱ्या गूगलचीच असते, पण फॉर्म भामट्याचा असतो. कोणतीही बँक त्यात कार्डाचा तपशील भरून घेत नाही.

> सावधान: ‘एचटीटीपीएस’ किंवा कुलूप दिसलं म्हणून पान खरं ठरत नाही. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमची माहिती वाटेत कुणी वाचणार नाही. ती थेट भामट्याकडे सुरक्षित पोहोचते. क्रोमने तर 2023 मध्ये कुलपाचं चिन्ह काढूनच टाकलं, कारण लोक त्याचा भलता अर्थ लावत होते.

एक अपवाद सांगायलाच हवा. बँकांचे खरे जाहिरात-मेल अनेकदा बाहेरच्या कंपनीकडून जातात आणि त्यांतल्या लिंक कुणी काय दाबलं ते मोजण्यासाठी वेड्यावाकड्या पत्त्यांवरून फिरून येतात. ग्राहकाला सावध राहायला सांगायचं आणि स्वतः असे मेल पाठवायचे, हा बँकांचा दुटप्पीपणा आहे. तुमच्या दृष्टीने उपाय एकच: खऱ्या मेलमधली लिंकही दाबायची नाही.

## टप्पा 4: जोडलेली फाईल आणि क्यूआर कोड

फाईलचं नाव शेवटपर्यंत वाचा. ‘स्टेटमेंट.पीडीएफ.एचटीएमएल’ ही पीडीएफ नाही, वेब पान आहे. ती उघडली की बँकेच्या लॉगिनसारखं पान तुमच्याच फोनवरून उघडतं. वर वेब पत्ताच नसल्याने टप्पा 3 मधली तपासणी करायलाही काही उरत नाही. शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे. कोणतीही बँक मेलने किंवा व्हॉट्सॲपने ॲप पाठवत नाही.

खरं स्टेटमेंट बहुधा पासवर्ड लावलेली पीडीएफ असते. फरक बघा: खऱ्या फाईलमध्ये पासवर्ड आधी विचारला जातो, उघडण्यासाठी, आणि तो पासवर्ड नाव, जन्मतारीख असल्या गोष्टींवरून बँकेने ठरवून दिलेला असतो. खोट्या फाईलमध्ये आधी पुसट स्टेटमेंट दिसतं आणि मग ‘स्पष्ट पाहण्यासाठी मेलचा पासवर्ड टाका’ किंवा ‘नेटबँकिंगने लॉगिन करा’ अशी चौकट येते. दिसली की बंद करा.

क्यूआर कोड मेलमध्ये घालण्याचं कारण सरळ आहे: त्यातला पत्ता डोळ्यांनी वाचता येत नाही आणि मेलच्या चाळण्यांनाही तो सहज सापडत नाही. ‘परतावा मिळवण्यासाठी स्कॅन करा’ असं असेल तर विषयच संपला. पैसे घ्यायला ना स्कॅन करावं लागतं, ना यूपीआय पिन टाकावा लागतो.

## मधेच एक नमुना, ओळ ओळ

असा मेल आला असं धरा:

> प्रेषक: अबक बँक अलर्ट्स
> विषय: आपल्या खात्यातून रु. 49,999 वजा
> प्रिय ग्राहक, आपल्या XX4417 या खात्यातून रु. 49,999 चा व्यवहार झाला आहे. हा व्यवहार आपण केला नसल्यास तो 30 मिनिटांत रद्द करण्यासाठी येथे क्लिक करा. आमचे अधिकारी आपल्याशी संपर्क साधतील.

भाषा स्वच्छ आहे. शेवटचे चार आकडेही तुमचेच आहेत. पहिल्यांदा वाचणारा इथेच हबकतो, कारण ‘खात्याचा नंबर त्यांना कसा कळला?’ तर चार आकडे आणि मोबाइल नंबर अशा याद्या बाजारात फिरतात. तुम्हीच कुठल्या तरी एटीएममधून आलेली पावती टाकून दिलेली असते. आकडे बरोबर असणं म्हणजे मेल खरा असणं नव्हे.

आता नीट पाहा. व्यवहार कुठे झाला, कोणाला गेला, संदर्भ क्रमांक काय, शिल्लक किती उरली, यातलं काहीच नाही. खऱ्या अलर्टमध्ये यांतलं बरंच असतं. ‘व्यवहार रद्द करण्यासाठी क्लिक करा’ हे तर अशक्यच आहे: गेलेले पैसे ग्राहकाने एका क्लिकवर परत आणावेत अशी सोय असती तर फसवणूक उरलीच नसती. आणि मोबाइलवर याच रकमेचा एसएमएस आला आहे का? आला नसेल, तर पैसे बहुधा गेलेलेच नाहीत. मेल तुम्हाला आता ते घालवायला सांगतो आहे.

शेवटचं वाक्य विसरू नका. ‘अधिकारी संपर्क साधतील’ म्हणजे फोन येणार आहे. मेल हा नुसता पहिला अंक, खरी फसवणूक फोनवर होते.

## टप्पा 5: स्वतःच्या वाटेने जाऊन पडताळा

हा टप्पा जमला तर आधीचे चार चुकले तरी चालतील. मेल खरा की खोटा हे तुम्हाला ठरवताच आलं पाहिजे असं मुळीच नाही. मेल बाजूला ठेवा, पूर्वतयारीतल्या बुकमार्कवरून किंवा ॲपमधून बँकेत शिरा आणि बघा: तो व्यवहार आहे का, केवायसीची सूचना आहे का, पॉइंट संपत आहेत का. बँकेला खरंच काही सांगायचं असेल तर ते तिथे असतंच. तिथे नसेल तर कार्डामागच्या नंबरवर फोन करा किंवा शाखेत जा.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, वापरत असाल तर एक जादा पहारेकरी मिळतो: खोट्या पत्त्यावर तो पासवर्ड आपोआप भरत नाही. त्याने भरला नाही तर ‘आज हे बिघडलंय वाटतं’ म्हणून हाताने टाइप करू नका. तो बरोबर आहे, पान चूक आहे.

> सावधान: नंबरासाठी गूगल, नकाशा किंवा समाजमाध्यमं शोधू नका. तिथे बँकांच्या नावाने खोटे नंबर पेरलेले असतात. मेलच्या तळाशी दिलेल्या नंबरवर तर मुळीच फोन करू नका.

संगणकावर मेल पाहत असाल आणि कुतूहल असेल तर जीमेलच्या तीन टिंबांमधून ‘शो ओरिजिनल’ उघडा. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याचा पत्ता पडताळणाऱ्या तीन तपासण्यांपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेलं असतं. ‘फेल’ म्हणजे मोठा धोका. ‘पास’चा अर्थ मात्र इतकाच की मेल खरोखर त्या पत्त्यावरून निघाला, तो पत्ताच भामट्याच्या मालकीचा असेल तरी तिन्ही ‘पास’ येतात. म्हणून ‘पास’च्या शेजारी कोणाचा पत्ता आहे ते वाचा.

## टप्पा 6: कळवा, मग काढून टाका

लगेच डिलीट करण्याची सवय चांगली वाटते, पण त्याने पुढच्या माणसाला काही फायदा नाही. क्रम असा ठेवा:

1. मेलला उत्तर देऊ नका. ‘अनसबस्क्राइब’ही दाबू नका; आयडी चालू आहे एवढं त्यांना कळतं.
2. बँकेच्या संकेतस्थळावर बनावट मेल कळवण्यासाठी आयडी दिलेला असतो. त्यावर मेल ‘जोडलेली फाईल’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ तपशील शाबूत राहतो. सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेलाही कळवता येतं.
3. जीमेलमधल्या तीन टिंबांतून ‘रिपोर्ट फिशिंग’ निवडा. ‘स्पॅम’ नव्हे, ते वेगळं आहे.
4. मागून फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप आला असेल तर तो दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेवर कळवा. पैसे गेलेले नसतील तेव्हाच. गेले असतील तर ती जागा नव्हे.

आणि घरच्या ग्रुपवर सावध करायचं असेल तर स्क्रीनशॉट टाका. मेल किंवा लिंक पुढे पाठवू नका. ‘ही लिंक उघडू नका’ म्हणून आलेली लिंक कोणी तरी उघडतंच.

## बोट पडलंच तर: आता मिनिटं मोजायची

काय घडलं त्यावर पुढचं काम ठरतं.

फक्त लिंक उघडली, काही भरलं नाही. पान बंद करा. काही डाउनलोड झालं असेल तर न उघडता काढून टाका. आठवडाभर खात्यावर लक्ष ठेवा. घाबरण्याचं कारण नाही.

पासवर्ड भरला. ताबडतोब ॲपमधून किंवा दुसऱ्या यंत्रावरून बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही. मेलचा पासवर्ड दिला असेल तर मेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ तपासा. तुमचे मेल गुपचूप दुसरीकडे जावेत अशी सोय करून ठेवलेली असते आणि पासवर्ड बदलल्यावरही ती तशीच राहते.

ओटीपी भरला किंवा पैसे गेले. खोट्या पानावर तुम्ही ओटीपी टाकता त्याच क्षणी पलीकडे कुणीतरी तो खऱ्या बँकेत वापरत असतं. यासाठीच ओटीपीचा एसएमएस पूर्ण वाचायचा असतो. पान म्हणतं ‘केवायसी पडताळणी’ आणि एसएमएस म्हणतो ‘नवीन लाभार्थी जोडण्यासाठी’: या दोन ओळी जुळत नाहीत, तिथेच थांबायचं. लोक नुसते सहा आकडे उचलतात. आता क्रम असा:

1. कार्डामागच्या नंबरवर फोन, नेटबँकिंग, कार्ड आणि यूपीआय बंद. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.
2. लगेच 1930 या सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन. आधी पोलीस ठाण्यात जाऊ नका, एफआयआरची वाट पाहू नका. पैसे ज्या खात्यात गेले तिथे अडवण्यासाठी हीच वाट आहे आणि दर मिनिटाला पैसे पुढे सरकत असतात. खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा.
3. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. मूळ मेल काढून टाकू नका, तोच पुरावा आहे.
4. बँकेला लेखी मेल, वेळेसह.

एपीके टाकलं. आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा, कारण असं ॲप तुमचे ओटीपी परस्पर वाचतं. बँकेला आणि 1930 ला दुसऱ्या फोनवरून कळवा. पासवर्डही दुसऱ्याच यंत्रावर बदला. त्यानंतर फोन फॅक्टरी रीसेट करा. नुसतं ॲप काढणं पुरेसं नाही.

वेळेला इतकं महत्त्व का, ते रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमांत आहे. पासवर्ड किंवा ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्या कुणाची असेल, तर अलर्ट मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य, 4 ते 7 दिवसांत कळवल्यास नेहमीच्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त 10,000 रुपये, आणि त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. तुमचा निष्काळजीपणा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. काउंटरवर ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’ असं तोंडी सांगून परत पाठवलं तर लेखी उत्तर मागा.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार करता येते. चौकशीसाठी 14448. या तक्रारीला शुल्क नाही.

पैसे गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत आणखी एक फोन किंवा मेल येण्याची शक्यता असते: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवायला थोडी फी भरा.’ त्यांच्याकडे तुमचं नाव, रक्कम, तारीख, सगळं बरोबर असतं, कारण ज्यांनी लुटलं त्यांच्याकडूनच ते आलेलं असतं. त्या मेललाही टप्पा 1 पासूनची सगळी तपासणी लावा.